रविवारची वीजबचत

—नाही नाही, "बंद करून परत चालू करून बघा" एवढं सोडून काय ते सांगा. तुमच्या कंपनीच्या फोनवरच्या त्या गोड आवाजाच्या बाईंचं ऐकून मी ते इतक्या वेळा केलंय, की आता मी नुसता जवळ गेलो तरी ते यंत्र घाबरून आपण होऊन विझतं. बसा ना. त्या खुर्चीवर नको, ती पाहुण्यांना पाडते. हां, इथे. राउटर तो तिकडे, कपाटावर. आधी जमिनीवर होता, मग स्टुलावर आला, मग खिडकीत, आणि मधे एक आठवडा न्हाणीघराच्या दाराला टांगला होता—हसताय काय, तिथे त्याचा हिरवा दिवा सगळ्यात तेज दिसायचा! मग आमची ही म्हणाली, अंघोळ करताना कुणीतरी बघतंय असं वाटतं, म्हणून कपाटावर. काय म्हणता? लोखंडी कपाटावर ठेवू नये? मग हे माहितीपुस्तकात का लिहीत नाहीत? लिहिलंय? कुठल्या पानावर? …पहिल्याच. असू द्या. पहिलं पान कोण वाचतं हो, तिथे नुसतं अभिनंदन असतं.

तर तक्रार नीट समजून घ्या, म्हणजे काम लवकर होईल—आज रविवार आहे आणि पाचला माझं वाचन आहे. साधंसुधं नाही, शेवटचं प्रकरण. अहो, माझ्या कादंबरीचं! तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणार होतात, चेहऱ्यावर दिसलं. कचेरीतून निवृत्त झालो आणि दुसऱ्याच दिवशी लिहायला बसलो. आमचं चौघांचं एक वाचनमंडळ आहे—मी, आमचे वकील, डॉक्टरीणबाई आणि मास्तर. सगळे निवृत्त, सगळे गुडघ्यांनी अधू, म्हणून आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसायचं. पाच ते सहा मी वाचतो, कारण मंडळ मी काढलंय. सहानंतर बाकीचे तिघं. आता गंमत ऐका. पाच ते सहा सगळं तुटक! माझा आवाज त्यांना पोचत नाही, त्यांचे चेहरे मला दिसत नाहीत, आणि दिसलेच तर अर्धं तोंड उघडून थिजलेले. सहा वाजले रे वाजले, की यंत्राला जाग येते. डॉक्टरीणबाई आपलं प्रवासवर्णन वाचतात तेव्हा त्यांच्या कुड्यांतले मोती मोजून घ्यावेत इतकं स्वच्छ! म्हणजे त्यांच्या विमानाला झालेला उशीर मला अक्षरन् अक्षर कळतो, आणि माझा नायक जिन्यात उभा राहून आयुष्याचा विचार करतो तो मात्र वाऱ्यावर. ह्याला काय म्हणायचं?

"पॅकेट लॉस"—हां, त्या बाईपण हेच म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, हा शब्द माझ्यासमोर जरा जपून. मी कोण? आवक-जावक! कचेरीत आलेला प्रत्येक कागद माझ्या टेबलावरून आत गेला आणि बाहेर जाणारा प्रत्येक लखोटा माझ्या टेबलावरून बाहेर गेला. साहेब बदलले, पंखे बदलले, एकदा तर अख्खी इमारत बदलली, पण लखोटा गहाळ नाही. तुम्ही करा तुमचं काम, मी सांगतो पॅकेट म्हणजे काय ते—माहीत आहे तुम्हाला, ठाऊक आहे हो, तरी ऐका, सोप्या भाषेत कुणी सांगितलं नसेल. मी एक वाक्य बोललो की हे यंत्र त्याचे तुकडे करतं, प्रत्येक तुकडा वेगळ्या लखोट्यात घालतं, वर नंबर टाकतं आणि धाडून देतं. तिकडचं यंत्र लखोटे उघडून नंबरवारी लावतं आणि वाक्य तयार. बरोबर? आता ह्यातला एखादा वाटेत पडला तर काय? साधं पत्र असेल तर तिकडून मागणी येते—अमुक नंबर आला नाही, परत पाठवा. पण माणूस समोर बसून बोलत असेल तर परत मागायला सवड नाही. गेलं ते गेलं, पुढचं घ्या. म्हणून तिकडे मी असा ऐकू येतो—"त्याने कठड्यावर… आणि डोळ्यांत… मुख्य कारकून… धाड." हे वकिलांनीच मला करून दाखवलं. फार हुबेहूब केलं. जरा जास्तच हुबेहूब, पण असो.

काय करताय ते? काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं—हे मला आवडलं, इथे उगाच चित्रं नाहीत. लखोटे पाठवून बघताय होय! वा. पाठवले इतके, आले इतके, गहाळ… शून्य? अहो, आत्ता शून्यच येणार! आत्ता चार वाजलेत! चोर जेवायला गेलेला असताना तुम्ही घराला पहारा देताय. मी सांगितलं ना, पाचला सुरू होतं. आधी मला वाटायचं शेजाऱ्यांचा ओव्हन—त्याने बिघडतं म्हणे—म्हणून मी एका रविवारी त्यांच्याकडे जाऊन विनंती केली की पाच ते सहा काही गरम करू नका. बिचाऱ्यांनी गार खाल्लं. उपयोग शून्य. मग वाटलं, माशांची पेटी मधे येते, पाणी लहरी अडवतं असं कुठेतरी वाचलं, म्हणून मासे आतल्या खोलीत नेले. ते अजून रुसलेले आहेत.

बघा, बघा, सगळ्या सेटिंगा बघा, माझं काही लपवायचं नाही. हे यंत्र आणलं तेव्हा जोडणी हिनेच केली हो, मी नुसती बॅटरी धरून उभा होतो—आणि तीसुद्धा तिच्या डोळ्यांवर. तिला ह्यातलं बरं कळतं. पण तुम्हाला बोलवायचं म्हटलं तर नको नको म्हणाली! "कशाला माणसाला रविवारचं त्रास देता, यंत्र जुनं झालं की असंच व्हायचं." दर रविवारी वाचन संपलं की स्वयंपाकघरातून विचारते—"पोचलं का हो?" मी म्हणतो, कुठचं पोचतंय! की लगेच म्हणते, "मेलं ते नेटवर्क!" फार तळमळते माझ्यासाठी. आज बहिणीकडे गेलीय, म्हणून म्हटलं हीच वेळ, तुम्हाला उरकून घ्यावं. म्हणजे पाचला ती परत येईल आणि बघेल, चारी चेहरे लखलखीत! पाचच्या आत येते ती रविवारी, कुठेही असली तरी.

थांबा, काय सापडलं? काय म्हणालात—वीजबचत? यंत्र वीज वाचवतं? म्हणजे काम चालू आहे असं दाखवायचं आणि आतून शक्ती कमी करायची? अहो, हे मला सांगताय! मी सबंध नोकरीत हेच बघितलं. आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीनंतर अख्खा विभाग वीजबचतीत जायचा. डोळे उघडे, हातात पेन, पेन कागदावर, आणि माणूस आत नाही. साहेबांचं भाषण असलं तर विचारूच नका—मी स्वतः मान हलवत झोपू शकतो. शिकवू का? सोपं आहे, हनुवटीखाली… नको? बरं. तर म्हणजे हे यंत्र पाचला पेंगतं. लहरी पाठवायची ताकद कमी करतं, कपाटावरून इथवर येता येता निम्मे लखोटे गळून पडतात, आणि सहाला तोंड धुऊन परत हजर. हां! आता लागली संगती. मुद्दाम चालू करून बघा बरं. आता पाठवा लखोटे… गहाळ, गहाळ, आला, गहाळ—बघा, बघा कसे मरून पडतायत! बंद करा. आता? सगळे आले! अहो, तुम्ही तर डॉक्टर निघालात! शाब्बास. इतके दिवस मी उगाच माशांना त्रास दिला.

पण एक मला सांगा—रोज पाचला पेंगतं का ते? नाही? फक्त… रविवारी? फक्त रविवारी पाच ते सहा? अहो, यंत्राला रविवार कसा कळला? सरकारी आहे की काय? …असेल, असेल, कारखान्यातून तसंच येत असेल, रविवारी लोक बाहेर फिरायला जातात असा त्यांचा समज असेल. साहित्य वाचणारी माणसं त्यांनी हिशेबात धरलेलीच नाहीत. ते सोडा. बंद झालं ना? कायमचं? मग आता एक करू या, रंगीत तालीम. तुमचा फोन घ्या, आतल्या खोलीत जाऊन बसा, माशांपाशी, आणि मला त्या चित्राच्या फोनवर घ्या. मी इथे कॉम्प्युटरसमोर बसतो आणि थोडं वाचतो. ते लखोटे तुमचे होते, रिकामे. माझे भरलेले असतात, वजनदार, ते पोचतात का बघायला नको? अहो, दोन मिनिटं. घाई आहे? अजून दोन घरं आहेत? असू द्या, त्यांचंही असंच असेल, वीजबचत बंद करा म्हणावं. जा. दार तसंच उघडं ठेवा.

—हं, दिसताय. छान. जरा चष्मा वर करा, चकाकतोय. तर थोडक्यात पार्श्वभूमी सांगतो. नायक आवक-जावक कारकून. काल्पनिक आहे. एके दिवशी ठरवतो, की आता वर जायचं, साहेबांच्या खोलीत, आणि तोंडावर सांगायचं—हे मी करणार नाही. काय करणार नाही? ते शेवटच्या प्रकरणात. तोवर तो जिना चढतो. एवढीच कादंबरी आहे. नाही नाही, एवढीच म्हणजे लांबी नव्हे, घटना एवढीच. प्रत्येक पायरीवर त्याला काही ना काही आठवतं. ऐका. "त्याने कठड्यावर हात ठेवला. लाकडाच्या त्या गारव्यात त्याला आपल्या साऱ्या नोकरीचा गारवा जाणवला. हा कठडा किती जणांनी धरला असेल, आणि किती जणांनी, धरावा की न धरावा ह्या विचारात, तो धरलाच नसेल! त्याने पाऊल उचलले. उचललेले पाऊल हे ठेवलेल्या पावलापेक्षा अधिक खरे असते का, ह्या प्रश्नाने त्याला तिथेच थांबवले, आणि मग त्याला त्याच्या पहिल्या बुटांची आठवण झाली, जे…" ऐकू येतंय ना? अहो. हॅलो? …थिजलात! बघा, आलं परत! तरी म्हटलं, रिकामे लखोटे वेगळे आणि भरलेले वेगळे. तोंड तसंच अर्धं उघडं, अगदी मास्तरांसारखं. अहो, ऐकू येतं का? तिकडचं बटण…

थांबा.

तुमच्या मागचा पंखा फिरतोय.

फिरतोय हो, मला दिसतोय. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडतंय. मासे इकडून तिकडे चाललेत. सगळ्या खोलीचे लखोटे पोचतायत आणि एकट्या तुमचेच तेवढे गहाळ? …पापणी लवली. मी बघितली. आता घाम आलाय. उठून येऊ का तिकडे? हां, हललात. या, बाहेर या. या हो, रागावलो नाही. दोन घरं बाकी आहेत तुमची, मला समजतं. मान हलवत झोपायला शिकवत होतो तेव्हाच शिकला असतात तर सापडला नसतात, एवढंच म्हणणं आहे माझं.

बसा. त्या खुर्चीवर नको म्हटलं ना! लागलं का? बरं, बसा आता, पडलातच आहात तर.

एक विचारू? मास्तरांकडे मांजर आहे. पांढरं, लठ्ठ. तिसऱ्या प्रकरणाच्या वेळी मास्तर असेच थिजले होते—चष्मा नाकावर, तोंड अर्धं उघडं—आणि ते मांजर टेबलावरून शेपूट वर करून सावकाश त्यांच्यासमोरून चालत गेलं. परत आलं. त्यांच्या खांद्यावर चढलं. मी हिला कौतुकाने सांगितलं, बघ गं, मांजराला रेंज आहे आणि मास्तरांना नाही. ही हसली नाही. हसण्यासारखं होतं की नाही? …म्हणजे आत्ताही तुम्ही हसत नाही आहात. आणि त्याच दिवशी वकिलांचा माइक बंद करायचा राहिला होता. त्यांच्या घरातलं सगळं ऐकू येत होतं. त्यांनी बायकोला सांगितलं, "अजून जिन्यातच आहे गं तो, तू वाढून घे." आणि डॉक्टरीणबाई हसल्या, मोठ्याने, इतक्या की खोकल्या. मला किती बरं वाटलं! म्हटलं, बघा, वकिलांच्या घरात जेवायच्या ताटावर माझ्या नायकाची चर्चा आहे. ही तेव्हा माझ्या मागेच उभी होती, चहा घेऊन. चहात साखर दोनदा पडली होती त्या दिवशी. ती कधी चुकत नाही साखरेला.

तर… तोवर ते थिजायचे ते असे. मांजर हलतं, पडदा हलतो, माणूस नाही. आणि त्याच्या पुढच्या रविवारपासून खरं थिजायला लागलं. सगळंच. मांजरासकट.

त्या वीजबचतीत बघा हो जरा—ती कुणी लावली ते दिसतं का? कारखान्यातून आली, हे मीच म्हणालो, तुम्ही नाही, तेव्हाच तुम्ही खाली बघितलंत, आता आठवलं. फोनवरून लावलीय? कुठल्या? नाव वाचा ना, लाजता काय. "स्वयंपाकघर".

हं. आहे असा फोन. आमच्याच घरात आहे.

बघा, आता ह्या घरात वीज वाचवत हिंडतो तो मी. खोलीतून माणूस उठला की दिवा मी विझवतो, कधीकधी माणूस बसलेला असतानाही विझवतो. ती कधी विझवत नाही, त्यावरून आमची वादावादी असते. मग तिने आठवड्यातून एक तास, नेमका एकच तास, काय वाचवलं असेल? वीज? तुम्ही तांत्रिक माणूस आहात, तुम्ही सांगा, एका तासात किती वाचते? काहीच नाही ना? म्हणजे पापडसुद्धा… जाऊ द्या. आणि वर दर रविवारी दारात उभी राहून विचारायचं, "पोचलं का हो?" आणि मी "नेटवर्क" म्हटलं, की असा मोठा श्वास सोडायचा. मला वाटायचं हळहळते.

नाही, मला काही झालेलं नाही. पाणी नको. माझ्याकडे काय बघता, तुम्हीच थिजला होतात मघाशी. आणि एक सांगू का, मला कळत नव्हतं असंही… म्हणजे पहिले बूट जरा लांबतात. ते मी कमी करणारच होतो. दोन पायऱ्या काढल्या तरी चालतील. पण मग तो लवकर वर पोचतो, आणि वर पोचल्यावर काय बोलायचं ते त्याला… ते त्याला अजून नीट सुचलेलं नव्हतं, म्हणून तो थांबत होता. आज सुचलंय. आज पोचतो तो.

तो कुठवर आलाय ते तिला माहीत आहे, बरं का. परवा जेवताना म्हणाली, "त्याला आता वर न्या हो, पाय दुखले असतील त्याचे. आणि त्या बुटांचं पुढे काय झालं? मुलाला दिले का शेवटी?" मी म्हटलं, तुला काय माहीत बुटांचं? तर म्हणाली, भिंतीतून ऐकू येतं. भिंतीतून! आमची भिंत काय कागदाची आहे? पाच ते सहा त्या स्वयंपाकघरात भांडं वाजत नाही, नळ वाहत नाही. मी समजायचो, बाई झोपली. पेंगत असेल, रविवार आहे. आणि तिच्याकडे मात्र पाठवले तितके पोचले होते, नंबरवारी. गहाळ शून्य. आवक-जावकला असा माणूस मिळाला असता तर मी एक दिवस तरी रजा घेतली असती.

कोण आहे? जिन्यात पाऊल वाजलं ना? तीच. दोन पायऱ्या चढते आणि पिशवीचा हात बदलते, ओळखतो मी. करा, परत चालू करा ते! वीजबचत हो! आधी होती तशी—रविवार, पाच ते सहा. का म्हणून काय विचारता, ग्राहकाची इच्छा आहे! डॉक्टरीणबाईंनाही बरं, त्यांना थिजून थिजून मानेचा त्रास व्हायला लागला असेल. मास्तरांचं मांजर तर सुटलंच. आणि मी वाचणारच आहे. ज्याला पोचायचं त्याला भिंतीतून पोचतं. झालं का? नीट बघा, पाच ते सहाच ना? सहानंतर लांबवू नका, प्रवासवर्णन बुडेल—नाही, थोडं लांबवलंत तर… नको, नको. पाच ते सहा.

अगं, ये, ये. हे? हे कंपनीतले. मीच बोलावलं, तुला न सांगता, चुकलं. काही सापडलं नाही बघ त्यांना. यंत्र जुनं झालं की असंच व्हायचं म्हणतात, तू म्हणाली होतीस ना, अगदी तस्संच. हो की नाही हो? अहो, मान हलवताय तर मोकळी हलवा, थिजू नका. …बघ, पटलं त्यांना. पिशवी दे इकडे. चहा ठेव, आणि जरा दार उघडं ठेव स्वयंपाकघराचं, आज उकडतंय. बरं, या तुम्ही आता. अजून दोन घरं आहेत ना तुमची? या. जाताना जिन्यातला दिवा—राहू द्या. चालू असू द्या.